वेज घेशील ती तुझ्या मापाची घे

पैसे अजून भरू नकोस. तुझा निरोप वाचल्यावर पहिल्यांदा हेच मनात आलं, म्हणून हेच आधी लिहिते. तुमच्या चौघींच्या गोल्फच्या गटातल्या त्या बाईंनी आपली जपानी घडीव वेज तुला दोन होल खेळायला दिली, तुझी एक चिप ग्रीनवर पडून जागच्या जागी थांबली आणि आता तुला तशाच तीन वेज एकदम हव्यात. समजतं गं मला. तो मऊ, भरीव आवाज एकदा कानात बसला की आपला जुना क्लब पत्र्यासारखा वाजायला लागतो. मी तुला अडवणार नाहीये. घडीव वेज तू घेच. पण ती ज्या कारणासाठी घ्यायला निघाली आहेस ते कारण थोडं बदल, म्हणजे तिचा खरा उपयोग तुला होईल.

घडीव वेजचा मोठा गुण दुकानात फारसा कुणी बोलून दाखवत नाही. ती वाकते. मऊ पोलाद असल्यामुळे तिचा कोन मशीनवर अंशाअंशाने बदलता येतो. तुझी उंची, तुझा स्विंग, तू खेळतेस ती जमीन, या सगळ्याच्या मापात तिला आणता येतं. हे करून घेणार नसशील, कपाटातून काढून जशी आहे तशी बॅगेत टाकणार असशील, तर एवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. मग ओतीव वेजही तितकंच काम देईल.

आता ओतीव आणि घडीव यात नेमका फरक किती, तेही ऐकून ठेव, कारण कोर्सवर यावर फार वाढवून-चढवून बोललं जातं. घडीव वेजसाठी कमी कार्बनच्या पोलादाचा गोल दांडा हजार-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, साच्यात ठेवून त्यावर मोठ्या हातोड्याचे घाव घालतात, कडेला बाहेर आलेला जादा धातू कापतात आणि मग घासून आकार देतात. बॉक्सवर एस20सी, एस25सी किंवा 1025 असं काही लिहिलेलं असतं ना, त्यातला 20 किंवा 25 म्हणजे त्या पोलादात कार्बन साधारण 0.20 किंवा 0.25 टक्के. कार्बन जितका कमी तितकं पोलाद मऊ. जपानात हिमेजीच्या परिसरात मिउरा, निगाता प्रांतातल्या त्सुबामे शहरात एन्डो, हिरोशिमाला मिझुनोसाठी काम करणारा कारखाना, अशी घडाईची जुनी घराणीच आहेत. त्यांच्या कारागिरीच्या गोष्टी मला फार आवडतात आणि त्या खऱ्याही आहेत.

पण हेही खरं, की व्यावसायिक टूरवर जिच्यावर सर्वांत जास्त खेळाडूंचा विश्वास आहे ती व्होकी नावाची नेहमीची वेज ओतीव असते. 8620 नावाच्या पोलादाची. त्यातही कार्बन 0.20 टक्क्यांच्याच आसपास, म्हणजे तीही मऊच, आणि थोडीफार वाकतेही. कडक स्टेनलेस स्टीलच्या वेज मात्र वाकवायला सहज तयार होत नाहीत. म्हणून कुणी म्हणालं की घडीव वेजनं चेंडू जास्त फिरतो, तर मान डोलव आणि सोडून दे. फिरकी येते ती खाचांमुळे, फेसच्या खरखरीत पृष्ठभागामुळे, स्वच्छ लागलेल्या फटक्यामुळे आणि चेंडूच्या आवरणामुळे. पोलाद घाव घालून घडवलंय की ओतलंय, हे चेंडूला कळत नाही. चेंडू फेसला चिकटून असतो तो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. हाताला काही जाणवतं तोवर तो निघून गेलेला असतो. आपण ज्याला 'फील' म्हणतो त्यातला मोठा भाग आवाजाचा असतो.

तरीही त्या फीलला मी कमी लेखत नाही. आवाज हीसुद्धा माहितीच आहे. पातळ मागची बाजू असलेल्या घडीव वेजवर चेंडू मधोमध लागला तर एक आवाज, टाचेकडे लागला तर दुसरा, खालच्या खाचेवर लागला तर तिसरा. महिनाभरात तुझे कान ते ओळखायला लागतात. चुकीचा फटका कुठे चुकला हे लगेच कळणं, शिकणाऱ्या मुलीला याहून काय हवं? माझ्या मते घडीव वेज घ्यायचं हे दुसरं चांगलं कारण.

बरं, आता तुझ्या बॅगेकडे वळू. तू लिहिलंयस, सेटबरोबर आलेली पिचिंग वेज आहे, एक सँड वेज आहे, आणि मधल्या अंतरात तू नेहमी अडकतेस. अडकणारच. हल्लीच्या सेटमध्ये पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे फेसच्या कलाचा कोन, 43-44 अंशांवर आणून ठेवलाय, चेंडू लांब जावा म्हणून. पूर्वी ती 48च्या आसपास असायची. तुझी 44 धरली आणि सँड वेज 56, तर मध्ये तब्बल 12 अंशांची दरी पडते. त्या दरीत 50ची एक बसव. 44, 50, 56. झालं. तीन नको, दोनच नव्या घे, आणि त्याही एकदम नको. त्या 60च्या लॉब वेजचं वेड सध्या बाजूला ठेव. गोल्फपटू टॉम काइटनं प्रशिक्षक डेव्ह पेल्झचं ऐकून 60 अंशांची वेज बॅगेत घातली तेव्हा, 1980च्या सुमारास, टूरवरही ती नवलाई होती. तो तिच्याबरोबर तासन्‌तास सराव करत होता. आपल्या स्विंगच्या वेगाला 60च्या वेजनं चेंडू वरच जातो, पुढे फार जात नाही, आणि थोडं चुकलं की चेंडूखालून नुसतं गवत कापलं जातं. चौदा क्लबांची मर्यादा आहेच. तेराव्या-चौदाव्या जागेवर तुला हायब्रिड जास्त उपयोगी पडेल.

काही जण चार-चार अंशांवर वेज ठेवायला सांगतात. जोरात मारणाऱ्या पुरुषांना ते ठीक आहे. आपल्याकडे चार अंशांनी पाच-सात यार्डांचाच फरक पडतो, आणि दोन क्लब जवळपास एकाच जागी चेंडू टाकतात. सहा अंश ठेव.

आता जे सांगते ते नीट वाच, कारण बहुतेक मुली इथेच फसतात आणि दोष स्वतःच्या खेळाला देतात. वजन. तुझ्या आयर्नमध्ये ग्रॅफाइटचा शाफ्ट आहे, 50 ते 60 ग्रॅमचा. दुकानात मांडून ठेवलेल्या बहुतेक घडीव वेजमध्ये स्टीलचा शाफ्ट असतो, 120-130 ग्रॅमचा. म्हणजे नऊ नंबरच्या आयर्नवरून वेजवर आलीस की शाफ्टचं वजन एकदम दुप्पट. तुझा टेम्पो बिघडतो, हात मागे राहतात, चेंडूच्या आधी जमीन लागते, आणि तुला वाटतं की मला छोटे शॉट जमतच नाहीत. तसं नसतं गं ते. त्या बाईंची वेज तुला चांगली वाटली ती दोन होलांपुरती, छोट्या चिपवर. तीच अठरा होल फिरव आणि पन्नास-साठ यार्डांचे पिच मार, मग मनगट आणि कोपर काय म्हणतात ते बघ. वेजचा शाफ्ट आयर्नपेक्षा थोडा जड असावा, म्हणजे हाताला लय सापडते. तुझ्यासाठी 65 ते 75 ग्रॅमचा ग्रॅफाइट मी सुचवेन. तो बसवून मागवता येतो. विक्रेता 'आमच्याकडे आहे तो असाच' म्हणाला तर नमस्कार कर आणि बाहेर पड.

आणि 'लेडीज' लिहिलेलं सगळं आपलं, असंही मानू नकोस. बाई दुकानात शिरली की तिला न विचारता गुलाबी ग्रिपची पेटी पुढे सरकवतात, याचा मला अजून राग येतो. उंच, ताकदीच्या मुलीला पुरुषांचा हलका शाफ्ट शोभतो, आणि साठीच्या हलक्या अंगाच्या काकांना बायकांचा. माप वेगाचं आणि उंचीचं घ्यायचं असतं. तू पाच फूट एक इंच आहेस, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. फिटरला पहिल्या वाक्यातच सांग.

कारण त्यावरच लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, ठरतो. पुरुषांची नेहमीची वेज साडेपस्तीस इंचांच्या आसपास लांब आणि साधारण 64 अंश लायची असते. तू ती हातात घेऊन चेंडूपाशी उभी राहिलीस की तिचं टोक जमिनीवरून वर उचललं जातं आणि टाच रुतते. फेस डावीकडे बघायला लागते. लॉफ्ट जितका जास्त तितका हा दोष चेंडूला जास्त डावीकडे ओढतो, म्हणून पाचच्या आयर्नला चालून जाणारी चूक 56ला चालत नाही. घरच्या घरी तपासायचं असेल तर पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करनं चेंडूवर एक जाड उभी रेघ काढ, ती रेघ फेसकडे करून चेंडू ठेव आणि मार. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा सरळ उभा असेल तर लाय बरोबर, कललेला असेल तर वेज मशीनवर न्यायची. अर्धा इंच लांबी कमी करून दोन अंश सपाट केली तर तुझं काम होईल असा माझा अंदाज आहे. स्टेनलेसच्या वेजला हे लाड फारसे चालत नाहीत. घडीव वेज मुकाट ऐकते.

फक्त वाकवताना एक हिशोब लक्षात ठेव. लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो, आणि वाढवला की तितकाच वाढतो. 56ची, 12 बाउन्सची वेज 54वर आणलीस तर बाउन्स 10 उरतो. म्हणून लॉफ्ट एक-दोन अंशांपलीकडे ओढायला सांगू नकोस. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर मुळात चुकीचा क्लब निवडला गेलाय.

बाउन्सवर मी थोडी रेंगाळणार आहे, रागावू नकोस. वेज आडवी धरून तिचा तळ बघ. तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली दिसेल. या उतरलेपणाचा कोन म्हणजे बाउन्स. तो असतो म्हणून क्लब जमिनीत न घुसता तिच्यावरून सरकतो. 1930च्या आधी बंकरमधून निब्लिक नावाच्या पातळ धारेच्या क्लबनं मारायचे, आणि तो वाळूत खुपायचा. गोल्फपटू जीन सॅराझेनला वैमानिक हॉवर्ड ह्यूजबरोबर विमानात बसलेला असताना उत्तर सुचलं, अशी आठवण तो स्वतः सांगायचा. विमान वर उचलताना शेपटीचा भाग खाली झुकतो, तसा क्लबचा मागचा भाग खाली आणला तर? त्यानं निब्लिकच्या तळाला मागे वितळलेलं शिसं-कथील चिकटवलं, घासलं, पुन्हा चिकटवलं, आणि 1932ची ब्रिटिश ओपन प्रिन्सेस कोर्सवर त्याच घरगुती सँड वेजसह जिंकली. कुणी बघून आक्षेप घेऊ नये म्हणून स्पर्धेआधी तो ती बॅगेत उलटी ठेवायचा म्हणे. आज आपण जो आकडा वेजच्या पाठीवर कोरलेला बघतो, तो इथून आला.

बाउन्स 4 ते 6 अंश म्हणजे कमी, 7 ते 10 मध्यम, त्यापुढे जास्त. चेंडूवर उभा, खोल उतरणारा फटका मारणाऱ्याला जास्त बाउन्स हवा, चेंडू जमिनीवरून झाडून नेल्यासारखा उचलणाऱ्याला कमी. पुस्तकात हे इतकंच असतं. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना आपले चार पावसाळी महिने माहीत नाहीत. तू चेंबूरला खेळतेस, मी येरवड्याला. मे महिन्यात आपल्याकडची जमीन इतकी कडक होते, की 14 बाउन्सची वेज फेअरवेवर आपटून उडते आणि धार चेंडूच्या पोटात लागते. चेंडू ग्रीनपलीकडे. जुलैत तीच जमीन पायाखाली दबते, कमी बाउन्सची वेज बर्म्युडा गवताच्या मुळांत जाऊन अडकते, आणि चेंडू तीन पावलांवर.

त्यात भर म्हणून वाळूचं गणित बरोबर उलटं. उन्हाळ्यात बंकरची वाळू कोरडी आणि भुसभुशीत, तिथे जास्त बाउन्स लागतो. पावसात भिजून ती घट्ट बसते, मग जास्त बाउन्सची, उघडी धरलेली वेज तिच्यावरून उसळते. म्हणजे जुलैत फेअरवेला जास्त बाउन्स हवा आणि बंकरला कमी, मे महिन्यात फेअरवेला कमी आणि बंकरला जास्त. एकाच वेजकडून हे सगळं मागणं अन्यायाचं आहे. म्हणून तुझ्या दोन वेजचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेव. 50ला 8, आणि 56ला 10 ते 12, पण टाचेकडून तळ थोडा घासलेला. त्या घासण्याला ग्राइंड म्हणतात. टाच घासलेली असली की फेस उघडली तरी धार फार वर उचलली जात नाही. पावसाळ्यात घट्ट बसलेल्या वाळूत तू खुशाल 50 काढ आणि फेस सरळ ठेवून मार. बंकरमध्ये सँड वेजच वापरली पाहिजे, असा कुठलाही नियम नाही.

वेगवेगळे ग्राइंड कागदावर वाचून ठरवू नकोस. गवतावर उभी राहून मारून बघ. रेंजच्या मॅटवर सगळ्याच वेज गुणी वाटतात, कारण मॅटवर क्लब सरकतो आणि फॅट शॉटही चांगला लागल्यासारखा दिसतो. चांगला फिटर तुला गवतावर नेईल. नसेल नेत, तर तुझ्या कोर्सवरच्या कॅडीभाऊंना विचार. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच फेअरवेवर शेकडो माणसांचे फटके बघितलेत, त्यांना तुझा डिव्हट, म्हणजे फटक्यानं उखडलेला गवताचा तुकडा, बघून कळतं की तू खणतेस का झाडतेस. मला बाउन्सबद्दलचा सगळ्यात शहाणा सल्ला एका कॅडीनंच दिलाय: डिव्हट बघा मॅडम, आकडा नंतर बघा.

जुनी वापरलेली मिळत असेल तर घ्यावी का, हेही तू विचारलंयस. हरकत नाही, पण खाचांवरून नख फिरव. कडा हाताला लागल्या पाहिजेत. खाचांचं मुख्य काम फेस आणि चेंडू यांच्या मधलं पाणी नि गवताचा रस बाजूला काढणं. कोरड्या, स्वच्छ फेअरवेवर झिजलेली वेजही बरी चालते, पण सकाळच्या दवात किंवा रफमध्ये तिच्यावरून चेंडू घसरतो, फिरकीशिवाय उंच जातो आणि ग्रीनवर पळत सुटतो. 2010पासून खाचांच्या आकारावर आणि कडांच्या धारेवर नियमांनी मर्यादा आणली आहे. त्यामुळे वेज नवी असतानाच खाचा त्या मर्यादेच्या काठावर असतात, झिजल्या की फरक लवकर जाणवतो. आठवड्याला एकदा खेळणाऱ्या तुझ्यासारखीला एक वेज दीड-दोन वर्षं नीट पुरावी, सराव किती करतेस त्यावर. शिवाय नामांकित जपानी वेजच्या नकला बाजारात भरपूर फिरतात. किंमत फारच कमी वाटली तर ती वेज घेऊ नकोस.

आणि चेंडू? तू अजूनही तो स्वस्त, कडक आवरणाचा दोन तुकड्यांचा चेंडू खेळतेस ना? मग नव्या वेजचा निम्मा पैसा वाया. मऊ युरेथेन आवरणाचा चेंडू खाचांत थोडा धरला जातो, कडक आयोनोमरचा तितका धरला जात नाही. त्या दिवशी तुझी चिप थांबली तेव्हा चेंडू कुणाचा होता, आठवून बघ. त्या बाईंनी चेंडूही आपलाच दिला असणार.

समजा, सगळं मापात बसवून वेज घरी आली. पहिल्या महिन्यात तिच्याकडून स्कोअरची अपेक्षा ठेवू नकोस, आणि स्पर्धेत तर मुळीच नेऊ नकोस. जुन्या रुंद तळाच्या वेजनं तुझे बरेच फॅट शॉट पोटात घातले होते. नवी ते घालणार नाही. तिचा तळ अरुंद आहे, डोकं लहान आहे. सुरुवातीला काही चिप अर्ध्यात पडतील. तेव्हा घाबरून चेंडू उजव्या पायाकडे सरकवायचा आणि हात पुढे दाबायचे, हा मोह सगळ्यांना होतो. तो टाळ. हात फार पुढे झुकले की लॉफ्टबरोबर बाउन्सही नाहीसा होतो, धार जमिनीत शिरते, आणि आपण पैसे मोजून घेतलेला तळ कामाला येतच नाही. चेंडू मध्यावर, वजन थोडं डावीकडे, शाफ्ट जवळजवळ सरळ, आणि छाती फटक्याबरोबर फिरू दे. तळ गवतावर हलकेच घासल्याचा आवाज आला पाहिजे.

सुरुवात चेंडूशिवाय कर. बंकरमध्ये वाळूवर बोटानं लांब रेघ ओढ, ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल अशी उभी राहा आणि प्रत्येक फटक्यात वाळू रेघेपासून पुढे उडते का ते बघ. रेघेच्या मागे क्लब उतरत असेल तर अजून चेंडू ठेवू नकोस. गवतावर चेंडूच्या एक वीत मागे घडी घातलेला छोटा टॉवेल ठेव आणि टॉवेलला न लागता मार. बंकरमध्ये फेस आधी उघड, मग ग्रिप पकड. उलट केलंस तर फटक्याच्या वेळी फेस आपोआप मिटते.

मग अंतरं. प्रत्येक वेजचे तीन स्विंग ठरव: हात कमरेपर्यंत, हात छातीपर्यंत, पूर्ण. प्रत्येकाचे दहा-बारा चेंडू मार, सगळ्यात चांगला धरू नकोस, जिथे जास्तीत जास्त पडले तो आकडा वहीत लिही. तीन वेज, तीन स्विंग, नऊ अंतरं. शंभर यार्डांच्या आत तुला अंदाज करावा लागणार नाही. अदिती अशोकचं उदाहरण मी तुला मुद्दाम देते. 2021मध्ये टोकियो ऑलिम्पिकला तिच्या गटातल्या मुली ड्राइव्हला तिच्या कितीतरी पुढे जात होत्या, आणि तरी ती चौथी आली. ब्राँझ एका फटक्यानं हुकलं. तिचा पटर तर थोर आहेच, पण पटर चालायला चेंडू आधी होलच्या जवळ यावा लागतो. लांब न मारणाऱ्या मुलीला तिथपर्यंत नेतात ते हे छोटे क्लब. म्हणूनच मी तुझ्यामागे एवढी लागलेय. तुझा ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवायला तू दोन वर्षं झटते आहेस, आणि पन्नास यार्डांवरून तीन फटके घेतेस. त्यातला एक वाचवणं तुझ्या हातात आहे, आणि त्याला ताकद लागत नाही.

देखभालीचं थोडक्यात सांगते. घडीव वेजचं पोलाद गंजतं. क्रोमचा मुलामा असेल तर खाचांत तो झिजल्यावर, आणि मुलामा नसलेली 'रॉ' असेल तर पहिल्याच पावसात. रॉ वेज उन्हात चमकत नाही म्हणून अनेकांना आवडते, पण तू समुद्राजवळ राहतेस आणि बॅग गाडीच्या डिकीत ठेवतेस. तू क्रोमची घे. राउंड झाला की खाचा नायलॉनच्या ब्रशनं साफ कर, कोरड्या फडक्यानं पूस, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरव. ओल्या टॉवेलात गुंडाळून कधी ठेवू नकोस. आणि वर्षातून एकदा लॉफ्ट-लाय तपासून घे, कारण जे पोलाद मशीनवर वाकतं ते कडक मॅटवर रोज आपटूनही थोडं सरकू शकतं.

तर आता असं कर. आधी 56ची एकच, 10 किंवा 12 बाउन्सची, हलक्या ग्रॅफाइट शाफ्टची आणि तुझ्या उंचीला वाकवलेली. पावसाळा तिच्याबरोबर काढ. दिवाळीनंतर जमीन कडक व्हायला लागली की 50ची बघू. या महिन्यात पुण्याला येशील तेव्हा तुझे सगळे आयर्न आणि दोन्ही जुन्या वेज घेऊन ये, रिकाम्या हातानं येऊ नकोस. आधी त्यांचे लॉफ्ट मशीनवर मोजून घेऊ. पेटीवर छापलेला आकडा आणि खरा आकडा यात एक-दोन अंशांचा फरक निघू शकतो, आणि तो कळल्याशिवाय नवी कुठली घ्यायची हे ठरवता येत नाही.